गुदाशयाचा कर्करोग : प्रदेशांची तुलना आणि नोंदवहीची साक्ष

कर्करोग झालेल्या शंभर रुग्णांपैकी निदानानंतर पाच वर्षांनी किती जण हयात असतात, हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. तोच प्रश्न दोन देशांविषयी, दोन जिल्ह्यांविषयी किंवा शहर व खेडे यांविषयी विचारला म्हणजे मात्र त्याचे उत्तर देणे अवघड होऊन बसते. उत्तरातील फरक रोगामुळे पडला, उपचारामुळे पडला की केवळ नोंद ठेवण्याच्या पद्धतीमुळे पडला, हे आधी निश्चित करावे लागते. या विवेचनासाठी गुदाशयाच्या कर्करोगाचे उदाहरण घेतले आहे, ते सहेतुक होय. या रोगात रुग्ण वाचणे न वाचणे हे शस्त्रक्रियेच्या कौशल्यावर आणि उपचारांच्या व्यवस्थेवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्यामुळे एखाद्या प्रदेशातील आरोग्यव्यवस्थेचे गुणदोष त्यात चटकन प्रतिबिंबित होतात.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा भाग. तो कटीच्या हाडांच्या अरुंद पोकळीत बसलेला असतो आणि मूत्राशय, जननेंद्रिये व त्यांच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतू त्याच्या अगदी निकट असतात. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बदल होणे, पोट साफ न झाल्याची भावना सतत राहणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. आपल्याकडे रक्त पडू लागले की ती मूळव्याधच आहे असे गृहीत धरण्यात येते. कित्येक महिने घरगुती औषधे, लेप आणि पथ्ये यांत जातात. संकोचामुळे रुग्ण, विशेषतः स्त्रिया, तपासणी टाळतात. वास्तविक वैद्याने हातमोजा घालून बोटाने केलेल्या तपासणीत खालच्या भागातील बऱ्याच गाठी हाताला लागतात. त्यास यंत्र लागत नाही आणि खर्चही नाही. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, परंतु मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत असल्याचे दिसून आले आहे. युरोपात हा प्रामुख्याने साठी-सत्तरीतील माणसांचा रोग आहे. तुलना करताना हा फरक दृष्टिआड करून चालत नाही.

प्रदेशांची तुलना रुग्णालयांच्या आकड्यांवरून करता येत नाही. मोठ्या रुग्णालयात कोण येतो? ज्याला प्रवासाचा खर्च झेपतो, ज्याची प्रकृती प्रवास सोसण्याइतकी बरी असते, तो. जो घरीच निवर्तला त्याचा हिशेब तेथे लागत नाही. म्हणून ठराविक भूभागात राहणाऱ्या लोकसंख्येतील प्रत्येक नव्या कर्करोगाची नोंद करणारी, लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी केंद्रे आवश्यक ठरतात. डेन्मार्कमध्ये अशी राष्ट्रीय नोंदणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली. नॉर्वे व फिनलंड यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी आणि स्वीडनने १९५८ मध्ये ती हाती घेतली. भारतातील असे पहिले केंद्र इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत स्थापन केले. पुढे त्याच संस्थेने पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथे काम वाढविले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१च्या अखेरीस सुरू झाला व १९८२ पासून मुंबई, बंगलोर आणि मद्रास येथील लोकसंख्येवर आधारलेली केंद्रे त्याखाली माहिती गोळा करू लागली.

खेड्यांचे चित्र मात्र त्यानंतरही अंधारात होते. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे डॉ. बी. एम. नेने यांच्या रुग्णालयात देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली. नोंदणीस रुग्णालयात बसून हे काम करणे शक्य नव्हते. कार्यकर्ते गावोगाव फिरले, सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक यांना भेटले, लक्षणांविषयी लोकांशी बोलले आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त केले. याचा एक परिणाम असा झाला की, नोंदणी करता करता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आणि त्यांच्या जगण्याचे प्रमाणही सुधारले. माहिती गोळा करण्याच्या कामातून खुद्द माहितीचा विषयच बदलावा, असे क्वचित घडते.

आता मोजमापाकडे वळू. पाच वर्षांनी शंभरातून ४५ रुग्ण हयात आहेत असे समजा. उरलेले ५५ सर्व कर्करोगाने गेले असे म्हणता येणार नाही. वृद्धांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, अपघात यांनीही मृत्यू येतो. त्याच वयाच्या व त्याच प्रदेशातील सर्वसाधारण लोकांपैकी शंभरातून ९० जण पाच वर्षांनी हयात राहत असतील, तर ४५ला ९०ने भागून ५० टक्के हा आकडा येतो. यास सापेक्ष उत्तरजीविता म्हणतात. ज्या प्रदेशात इतर कारणांनी होणारे मृत्यू अधिक, तेथे कर्करोगाच्या उपचारावर त्याचा नाहक ठपका येऊ नये, हा त्यामागील हेतू. दोन प्रदेशांतील रुग्णांच्या वयाची घडण निराळी असेल तर तीही समान पायावर आणावी लागते. या हिशेबास त्या प्रदेशाची विश्वसनीय जीवनसारणी लागते. खेड्यांतील मृत्यूंची नोंद अपुरी असेल तर भागाकारातील ९० हा आकडाच संशयास्पद ठरतो.

त्याहून मोठी अडचण बेपत्ता रुग्णांची आहे. कल्पनेने दोन तालुके घ्या. पहिल्या तालुक्यात शंभरही रुग्णांचा शेवटपर्यंत माग लागला. ६० गेले, ४० हयात आहेत. दुसऱ्या तालुक्यात ४५ गेल्याचे व २५ हयात असल्याचे समजले, पण ३० जणांचे काय झाले ते कळले नाही. त्या तिसांना हयात मानले तर दुसऱ्या तालुक्याचा आकडा ५५ टक्के होतो. त्यांना वगळले तर तो सुमारे ३६ टक्के होतो आणि सर्वांना मृत मानले तर २५ टक्के. म्हणजे निष्काळजी नोंदणी असलेला तालुका, एका सोयीच्या गृहीतकावर, प्रामाणिकपणे माग काढणाऱ्या तालुक्याच्या पुढे जाऊन बसतो. नॉर्वेत १९६०च्या दशकापासून प्रत्येक नागरिकास ओळख क्रमांक आहे. मृत्यूची नोंद व कर्करोगाची नोंद त्या क्रमांकाने जुळविली की काम झाले. मुंबई व बार्शी येथील कर्मचाऱ्यांना मृत्यूच्या नोंदी नावाने, वयाने व पत्त्याने जुळवाव्या लागल्या, टपालखर्च भरलेली जोडकार्डे पाठवावी लागली आणि उत्तर न आल्यास घरी जावे लागले. मुंबईसारख्या शहरात झोपडपट्टी हलली, चाळ पाडली गेली, रुग्ण उपचार संपवून गावी परतला, की पत्ता निरुपयोगी ठरतो. भारतीय आकड्यांमागे असे किती पायी हेलपाटे असतात, याची कल्पना तक्ता पाहणाऱ्यास सहसा नसते.

काही नोंदी केवळ मृत्युदाखल्यावरून होतात. अशा रुग्णाच्या निदानाची तारीख माहीत नसल्याने तो जगण्याच्या हिशेबातून गळतो. आणि बहुधा तोच सर्वांत दुर्दैवी, कोणत्याही उपचाराविना गेलेला रुग्ण असतो. जेथे अशा नोंदी पुष्कळ, तेथील चित्र खऱ्याहून उजळ दिसते. व्याख्येचाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मोठ्या आतड्यास सी-१८, आतडे व गुदाशय यांच्या सांध्यास सी-१९, गुदाशयास सी-२० आणि गुदद्वारास सी-२१ हे क्रमांक आहेत. कोणी सांध्याचा भाग गुदाशयात धरतात, कोणी धरत नाहीत. गुदद्वाराचा कर्करोग पुष्कळदा निराळ्या पेशींचा असतो व त्याचे उपचारही निराळे असतात. दोन अहवालांत एकाच मथळ्याखाली दोन निराळ्या गोष्टी मोजलेल्या असणे, हे अजिबात दुर्मीळ नाही.

या सर्व खबरदाऱ्या घेऊन झालेली पहिली मोठी तुलना युरोपातली होय. इटलीतील संशोधकांच्या पुढाकाराने १९९०च्या सुमारास ‘युरोकेअर’ हा संयुक्त अभ्यास सुरू झाला व त्यात देशोदेशींची नोंदणी केंद्रे सामील झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाचव्या फेरीत, युरोपात गुदाशयाच्या कर्करोगाची पाच वर्षांची सापेक्ष उत्तरजीविता १९९९–२००१ या काळातील ५२.१ टक्क्यांवरून २००५–०७ या काळात ५७.६ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. सर्वाधिक सुधारणा झालेल्या कर्करोगांत याची गणना झाली. परंतु पूर्व युरोपातील देश उत्तर व मध्य युरोपाच्या मागेच राहिले होते. पुढे २०१८ मध्ये ७१ देशांतील ३२२ नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून प्रसिद्ध झालेल्या ‘कॉन्कॉर्ड’ अभ्यासात ऑस्ट्रेलिया व दक्षिण कोरिया येथे हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आढळले.

फरक कशामुळे, या प्रश्नाचा माग काढण्यासाठी युरोपातील काही केंद्रांनी रुग्णांचे मूळ कागद पुन्हा उघडले. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाबाबत असे आढळले की, प्रदेशांमधील तफावतीचा बराचसा भाग निदानाच्या वेळच्या अवस्थेने समजावता येतो. जेथे गाठ आतड्याच्या भिंतीपुरती मर्यादित असताना सापडते तेथे माणसे जगतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप व अमेरिका यांच्या तुलनेत तीन वर्षांची सापेक्ष उत्तरजीविता अमेरिकेत ६९ टक्के व युरोपात ५७ टक्के होती. तेथेही मुख्य कारण निदानाची अवस्था हेच निघाले.

परंतु अवस्थेचा पुरावाही डोळे मिटून स्वीकारता येत नाही. शिक्षकवर्गास परिचित असे एक उदाहरण घेता येईल. वरच्या वर्गातील तीन मुलांना ८०, ७० व ५० गुण आहेत, खालच्या वर्गातील तिघांना ४०, ३० व २०. सरासरी अनुक्रमे सुमारे ६७ व ३०. आता ५० गुणांचा मुलगा खालच्या वर्गात बसविला तर वरच्या वर्गाची सरासरी ७५ होते आणि खालच्या वर्गाची ३५. एकाही मुलाची प्रगती न होता दोन्ही वर्ग ‘सुधारले’. जेथे नवीन चित्रण-यंत्रे येतात तेथे पूर्वी लपून राहिलेला प्रसार दिसू लागतो, रुग्ण पुढच्या अवस्थेत मोजला जातो, आणि प्रत्येक अवस्थेतील जगण्याचे प्रमाण कागदावर वाढते. १९८५ मध्ये फाइनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भ्रम वैद्यकविश्वाच्या नजरेस आणून दिला. निदान लवकर झाल्यानेही असाच एक आभास उत्पन्न होतो. २०२० मध्ये मृत्यू पावलेल्या रुग्णाचे निदान २०१७ ऐवजी २०१४ मध्ये झाले, परंतु उपचाराने काही साधले नाही, तर तो पाच वर्षे जगलेल्यांत मोजला जाईल. मृत्यूची तारीख मात्र तीच राहील. म्हणून जगण्याच्या प्रमाणाशेजारी नव्या रुग्णांचे प्रमाण व मृत्युदर हे दोन्ही ठेवून पाहणे, हाच जाणकारांचा परिपाठ आहे.

ब्रिटनमध्ये यावरून मोठा वाद झाला. तेथील आकडे शेजारी देशांच्या मानाने कमी दिसत. २०१० मध्ये व्हॅलरी बेरल व रिचर्ड पेटो यांनी असे प्रतिपादन केले की, ब्रिटिश नोंदणीतील उणिवांमुळे स्थिती खऱ्याहून वाईट दिसते. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या माहितीत अशा चुका मुद्दाम घालून हिशेब केला. एवढी मोठी तफावत पडण्यास चुका अवास्तव प्रमाणात असाव्या लागतील, असा निष्कर्ष निघाला. आकडे आवडले नाहीत की नोंदवहीवर बोट ठेवण्याचा मोह कोठेही होतो. तो आक्षेप असा हिशेबानेच तपासून पाहणे योग्य.

तुलनेतून काय साधता येते हे नॉर्वेने दाखविले. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक या गावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे कोणत्याही नामांकित विद्यापीठात नव्हे, बिल हील्ड या शल्यचिकित्सकाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण, त्यातील लसिकाग्रंथींसह, न फाडता अखंड काढण्याची पद्धत रूढ केली. तिचा अहवाल १९८२ मध्ये आला. स्वीडनमधील प्रयोगात, शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर पाच वेळा किरणोपचार दिल्यास त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येते आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४८ वरून ५८ टक्क्यांवर जाते, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. नॉर्वेत पूर्वी चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांत रोग त्याच जागी पुन्हा उद्भवत असे. १९९३ मध्ये तेथे राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. शल्यचिकित्सकांना नव्या पद्धतीचे शिक्षण देण्यात आले, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंदवहीत नोंद झाली आणि प्रत्येक रुग्णालयास त्याचे स्वतःचे निकाल राष्ट्रीय सरासरीसह परत पाठविण्यात आले. १९९४ मध्ये ७८ टक्के शस्त्रक्रिया नव्या पद्धतीने झाल्या होत्या. १९९७ मध्ये ते प्रमाण ९२ टक्के झाले. नव्या पद्धतीत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण ६ टक्के, जुन्या पद्धतीत १२ टक्के आढळले. ही दोन गटांची तुलना चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, हे लक्षात ठेवले तरी देशभरच्या सुधारणेचे श्रेय नाकारता येत नाही. आकडे सरकारदरबारी साठवून न ठेवता ज्यांच्या हातांनी काम होते त्यांच्याकडे परत गेले, ही त्यातील खरी गोष्ट.

आपल्या बाजूस दृष्टी वळविली तर, ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये आफ्रिका, आशिया व मध्य अमेरिकेतील १२ देशांच्या २५ नोंदणी केंद्रांची तुलना प्रसिद्ध केली. मुंबई, बार्शी, चेन्नई, भोपाळ आणि केरळातील करुनागपल्ली ही भारतीय केंद्रे त्यात होती. चीन, सिंगापूर, दक्षिण कोरिया व तुर्कस्तान येथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ४४ ते ६० टक्के रुग्ण पाच वर्षे जगत होते. गांबियात कोणत्याही कर्करोगाचे हे प्रमाण २२ टक्क्यांपलीकडे गेले नाही. भारतीय केंद्रे व ही आशियाई केंद्रे यांच्यातील अंतर मोठे होते. बार्शीसारख्या क्षेत्रात गुदाशयाच्या कर्करोगाचे वर्षाकाठी मोजकेच रुग्ण सापडतात. दहा रुग्णांपैकी एकाचा अधिक मृत्यू झाला की आकडा एकदम १० टक्क्यांनी हलतो. अशा ठिकाणी एका वर्षाच्या आकड्यावरून तालुक्याची प्रतवारी लावणे अन्यायाचे होईल. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्याशिवाय बोलू नये.

तथापि अंतर केवळ आकड्यांचा खेळ नाही. किरणोपचाराची दीर्घ पद्धत पाच आठवड्यांची असते. भूम किंवा गडचिरोलीकडील शेतमजुरास तेवढा काळ शहरात राहणे म्हणजे मजुरी बुडणे, सोबतीच्या माणसाची मजुरी बुडणे आणि राहण्याजेवणाचा खर्च. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा खर्च भागतो. बुडालेली मजुरी भागत नाही. पोटावर मलमार्ग काढावा लागेल या भीतीने शस्त्रक्रियाच नाकारणारे रुग्णही आहेत. अर्धवट सोडलेल्या उपचारांची नोंद रुग्णालयाच्या कागदावर ‘पुन्हा आला नाही’ एवढीच राहते.

त्यापुढची माहिती गावाकडेच असते, आणि येथे एक तांत्रिक बाब पंचायत सदस्यांच्या ध्यानी यावी. १९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. पुण्यात किंवा मुंबईत रुग्णालयात गेलेल्या माणसाचा मृत्यू त्याच्या गावच्या दप्तरात येत नाही. २०२३च्या सुधारणेने १ ऑक्टोबर २०२३ पासून या नोंदी संगणकीय पद्धतीने करण्याची व त्या राष्ट्रीय पातळीवर एकत्र आणण्याची तरतूद झाली आहे. परंतु दाखला जुळविताना कर्मचाऱ्यास मृताच्या नेहमीच्या निवासाचा रकाना पाहावा लागतो. तेथे नुसते ‘जिल्हा सोलापूर’ असे लिहिलेले असले, मृत्यूच्या कारणापुढे ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढेच असले आणि वय अंदाजाने ‘६०’ टाकलेले असले, तर नोंदवहीतील रुग्ण आणि दाखल्यावरील मृत व्यक्ती एकच आहेत हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. तो माणूस पुढील अहवालात हयात म्हणूनच मोजला जातो.